१४ फेब्रुवारी आणि भगतसिंगांची फाशी: खरी तारीख कोणती?

दर फेब्रुवारीत तोच संदेश फिरतो: "१४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली आणि आपण व्हॅलेंटाइन डे साजरा करतो!" कधी 'फाशी झाली'च्या जागी 'शिक्षा सुनावली' असतं. दोन्ही चूक.

लाहोर कटाच्या खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने तिघांना फाशी सुनावली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी. प्रत्यक्ष फाशी २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी, लाहोरच्या तुरुंगात. खरं तर ठरलेला दिवस २४ मार्च होता. सरकारने ती आदल्या संध्याकाळीच उरकली, रातोरात सतलजकाठी हुसैनीवालाजवळ अंत्यसंस्कारही केले. म्हणून २३ मार्च हा शहीद दिन. राजगुरूंच्या गावाला, पुणे जिल्ह्यातल्या खेडला, आज राजगुरुनगर म्हणतात. तिथल्या कुणालाही ही तारीख विचारून पाहा.

मग १४ फेब्रुवारी आली कुठून? १९३१ मध्ये याच दिवशी पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉय आयर्विनकडे ही फाशी रद्द करण्याची विनंती केली होती. बहुधा तेवढाच धागा ओढूनताणून लांबवला गेला.

या दिवशी शोक करायला खरं कारण आहेच. २०१९ मध्ये पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्यांना आठवताना भगतसिंगांची तारीख बदलायची गरज नाही. संदेश पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला २३ मार्च १९३१ एवढंच लिहून पाठवा.