मोठ्या पटावर कोणाची किंमत किती?

बुद्धिबळाचा पट, पण दहा उभ्या (ए ते जे) आणि आठ आडव्या (१ ते ८) पट्ट्यांचा. मोहरे एकेकाळचा जगज्जेता कापाब्लांका याने सुचवलेल्या क्रमाने मांडलेले. पांढरा पहिल्याच खेळीत डी पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे ढकलतो. नेहमीच्या खेळात ही अगदी शांत सुरुवात असते, इथे मात्र हा थेट हल्ला आहे. सी१ वर उभा असतो आर्चबिशप, म्हणजे उंट आणि घोडा या दोघांच्याही चाली चालणारा मोहरा. प्यादं हलताच त्याची तिरपी वाट डी२, ई३, एफ४, जी५, एच६ अशी मोकळी होते आणि तो आय७ वरच्या काळ्या प्याद्यावर जाऊन आदळतो. त्या प्याद्यामागे हत्ती, घोडा आणि चान्सेलर हा दुसरा नवा मोहरा अगदी खेटून उभे आहेत, पण तिघांपैकी एकाचीही चाल त्या घरावर पडत नाही. ऑनलाइन खेळताना हे ठाऊक नसलेला काळा दुसऱ्याच खेळीला प्यादं गमावून बसतो.

होजे राउल कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. अलेखाइनविरुद्धच्या ज्या लढतीत त्याने किताब गमावला, तिचे ३४ पैकी २५ डाव बरोबरीत सुटले होते. अव्वल खेळाडूंच्या हाती हा खेळ बरोबरीतच संपत जाईल, ही काळजी त्याने त्या दशकात उघडपणे मांडली. त्यावर त्याचा उपाय असा की पट मोठा करायचा आणि दोन मोहरे वाढवायचे. एक वर आलेला आर्चबिशप, दुसरा हत्ती आणि घोडा यांच्या चाली एकत्र करणारा चान्सेलर. पण हे दोन्ही मोहरे त्याच्याही आधीचे आहेत. सिसिलीच्या पिएत्रो करेराने १६१७ साली आणि इंग्लंडच्या हेन्री बर्डने १८७४ साली याच चालींचे मोहरे दहा बाय आठच्या पटावर आणले होते. पुढे नेदरलँड्सच्या क्रिस्तियान फ्रीलिंगने १९८४ मध्ये दहा बाय दहाचं ‘ग्रँड चेस’ रचलं, त्यातही हीच जोडी आहे. नावं तेवढी बदलत राहिली.

इतक्या वेगवेगळ्या काळातली माणसं त्याच दोन मोहऱ्यांपाशी का पोचतात? याचं उत्तर भूमितीत आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं. कुठल्याही मोहऱ्याभोवतीचा पाच बाय पाच घरांचा चौकोन घ्या. मधलं घर सोडलं की २४ घरं उरतात. त्यांतली ८ हत्तीच्या सरळ रेषांवर येतात, ८ उंटाच्या तिरप्या रेषांवर, आणि राहिलेली ८ नेमकी घोड्याची असतात. एकही घर दोघांच्या वाट्याला येत नाही आणि एकही सुटत नाही. या तीन वाट्यांतून दोन-दोन उचलायचे तर जोड्या तीनच होतात. हत्ती आणि उंट मिळून वजीर, हत्ती आणि घोडा मिळून चान्सेलर, उंट आणि घोडा मिळून आर्चबिशप. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातही वजीर तिरपं एकच घर चालायचा; मग त्याला आजची ताकद मिळाली आणि या तिघांतला पहिला जन्माला आला. करेरापासून फ्रीलिंगपर्यंत सगळ्यांनी खरं तर त्याची राहिलेली दोन भावंडं पटावर आणली.

आता या भावंडांची किंमत ठरवायची कशी? प्याद्याला १, उंट-घोड्याला ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ गुण हा हिशेब प्रत्येक खेळाडूच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. पट मोठा होताच तो डळमळतो. रिकाम्या पटावर एखादा मोहरा सरासरी किती घरांवर जाऊ शकतो, हे कागदावरही मोजता येतं. आठ बाय आठवर हत्तीला कुठूनही १४ घरं मिळतात, उंटाला सरासरी ८.७५ आणि घोड्याला ५.२५. दहा बाय दहावर हेच आकडे १८, ११.४ आणि ५.७६ होतात. म्हणजे लांब पल्ल्याच्या दोघांची पोच सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आणि घोड्याची जेमतेम दहा टक्क्यांनी. घोडा आहे तसाच राहिला, बाकीचं जग मोठं झालं. उंट देऊन घोडा घेण्याचा सौदा नेहमीच्या पटावर बरोबरीचा वाटतो, मोठ्या पटावर तो करताना दोनदा विचार करावा.

पण घरं मोजून सगळं कळतं असं नाही आणि आर्चबिशप हा त्याचा ठळक पुरावा आहे. आठ बाय आठवर त्याची सरासरी पोच उंटाची ८.७५ आणि घोड्याची ५.२५ मिळून बरोबर १४, म्हणजे हत्तीइतकीच. या हिशेबाने त्याची किंमत ५ यायला हवी. उंट आणि घोडा यांची बेरीज केली तर ६. डच प्रोग्रामर एच. जी. मुलर यांनी संगणकाला स्वतःशीच असंख्य डाव खेळायला लावले. एका बाजूला वजीर नाही, दुसरीकडे आर्चबिशप नाही, अशा असमान मांडणीतून कोण किती जिंकतं ते पाहिलं. निष्कर्ष असा निघाला की वजीर साडेनऊ धरला तर चान्सेलर नऊच्या आसपास येतो आणि आर्चबिशप त्याच्यापेक्षा थोडाच खाली. ज्याला हत्तीच्या पंगतीत बसवायचं तो वजिराशेजारी जाऊन बसला.

यामागचं एक कारण सहज दिसतं. एकटा उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर फिरतो. त्याला घोड्याची उडी मिळाली की रंग बदलता येतो, म्हणजे त्याचा सर्वांत मोठा दोष एका चालीत नाहीसा होतो. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात ठेवा आणि पांढरा आर्चबिशप सी३ वर. तिरप्या रेषेने बी२ आणि ए१ त्याच्या माऱ्यात आले, घोड्याच्या उडीने ए२ आणि बी१. राजाला शह आहे आणि पळायला घर नाही. ही मात आहे, आणि तीही स्वतःच्या राजाची किंवा दुसऱ्या कोणत्याही मोहऱ्याची मदत न घेता. वजिराला हे जमत नाही, चान्सेलरलाही नाही. किल्लेकोट करून कोपऱ्याजवळ राजा लपवण्याची आपली जुनी सवय आर्चबिशप पटावर असेपर्यंत जपूनच वापरायला हवी.

किमतींचा आणखी एक चकवा मोठे मोहरे जास्त झाले की समोर येतो. तीन वजीर विरुद्ध सात घोडे अशी लढत घ्या, बाकी राजे आणि प्यादी नेहमीसारखी. गुण मोजले तर २७ विरुद्ध २१, म्हणजे वजीरवाला खूप पुढे. प्रत्यक्षात घोडेच जिंकतात. घोड्याने राखलेल्या घरावर वजिराने जायचं नसतं, कारण एका घोड्याच्या बदल्यात वजीर देणं परवडत नाही. सात घोडे पसरले की वजिरांना पाय ठेवायला जागाच उरत नाही. महाग मोहऱ्याचं महागपण असं त्याच्याच अंगावर येतं. वजीर, चान्सेलर आणि आर्चबिशप एकदम पटावर असताना साधं प्यादं किंवा घोडा त्यांना सतत हुसकावत राहतो आणि डावाच्या सुरुवातीला वजनदार मोहरे बाहेर काढणाऱ्याचा वेळ नुसता पळण्यात जातो.

हे सगळं मोजायला संगणक लागला, पण संगणकालाही मोठा पट सहज पेलत नाही. नेहमीच्या पटाची घरं ६४ आणि आजच्या प्रोसेसरचा ‘शब्द’, म्हणजे तो एका वेळी हाताळतो ती संख्या, हीही ६४ बिटांची, हा योग बुद्धिबळाच्या प्रोग्रामरना फार लाभला. प्रत्येक घराला एक बिट द्यायचा. मोहरा असेल तर १, नसेल तर ०. मग सगळ्या घोड्यांचे सगळे हल्ले ती एक संख्या डावी-उजवीकडे काही वेळा सरकवून क्षणार्धात मिळतात. पटाला १६ घरं जोडली की ८० बिट होतात आणि ते एका शब्दात मावत नाहीत. ‘फेअरी-स्टॉकफिश’ हे मुक्त इंजिन, म्हणजे खेळी शोधणारा प्रोग्राम, मोठ्या पटांसाठी १२८ बिट वापरतं, त्यामुळे बारा बाय दहापर्यंतचे, म्हणजे १२० घरांचे पट त्यात बसतात. ‘पायचेस’ या संकेतस्थळावर कापाब्लांका चेस किंवा ग्रँड चेस खेळून झाल्यावर जे विश्लेषण मिळतं, त्यामागे हेच इंजिन असतं. ‘ताइक्योकू शोगी’ या प्रचंड जपानी बुद्धिबळाचा छत्तीस बाय छत्तीसचा पट आणि प्रत्येक बाजूचे ४०२ मोहरे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरच आहेत.

माणसाची अडचण वेगळी असते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून तो आठवणीने मांडायला सांगितलं होतं. खऱ्या डावातली स्थिती असेल तर निष्णात खेळाडू नवख्याच्या कितीतरी पुढे गेला. मोहरे वाटेल तसे मांडले तेव्हा दोघांतला फरक जवळजवळ मिटला. निष्णात माणूस सुटे मोहरे पाहत नाही, ओळखीचे पुंजके पाहतो. नव्या मोहऱ्यांनी हे पुंजके अर्धवट मोडतात. प्याद्यांच्या साखळ्या ओळखीच्या दिसतात, पण सरळ रेषेत येणाऱ्या हत्तीकडे पाहायला शिकलेल्या डोळ्याला चान्सेलरच्या आतली घोड्याची उडी दिसत नाही. म्हणून सुरुवातीला मोहऱ्यावर बोट ठेवताच त्याची शक्य घरं दाखवणारी सोय चालूच ठेवावी आणि प्रत्येक खेळीमागे काही सेकंद वाढवून मिळणारं घड्याळ निवडावं. फोनवर दहा बाय दहाचं प्रत्येक घर क्षेत्रफळाने ३६ टक्के लहान होतं, तेव्हा खेळी पक्की करण्याआधी विचारणारी सूचनाही उपयोगी पडते.

मोठा पट पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मी ग्रँड चेस सुचवेन. नेहमीच्या खेळात पहिल्या खेळीला २० पर्याय असतात, कापाब्लांकाच्या मांडणीत २८ आणि ग्रँड चेसमध्ये तब्बल ६५. तरीही खेळ विस्कटत नाही, कारण फ्रीलिंगने प्यादी तिसऱ्या रांगेत ठेवली आणि दोन सैन्यांमधल्या रिकाम्या रांगा नेहमीसारख्या चारच राहिल्या. हत्ती पहिल्या रांगेच्या दोन टोकांना एकटे उभे असतात आणि सुरुवातीपासूनच एकमेकांना आधार देतात, त्यामुळे किल्लेकोटाची गरजच उरत नाही. बढतीचा, म्हणजे प्याद्याच्या जागी मोठा मोहरा घेण्याचा, नियम तर डावाचा शेवट पार बदलून टाकतो. प्यादं आठव्या किंवा नवव्या रांगेत पोचलं की हवी असेल तर बढती घ्यायची, दहाव्या रांगेत ती घ्यावीच लागते, आणि मिळतो तो स्वतःचा आधी मारला गेलेला मोहराच. मारला गेलेला मोहराच नसेल तर प्यादं नवव्या रांगेत अडून राहतं. तिथून ते पुढे जाऊ शकत नाही, पण तिरप्या घरातल्या राजाला शह देऊ शकतं. त्यामुळे जिंकत आलेला खेळाडूही कधी कधी आपला आर्चबिशप मुद्दाम मारू देतो.