पडदा जाळून नजर वाचते कशी?

'पडद्यावर लेझर करावं लागेल,' असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधुमेही माणूस हबकतो. आधीच आजारी असलेला पडदा जाळून नजर कशी वाचणार? शंका रास्त आहे, आणि मधुमेहामुळे पडद्याला होणाऱ्या या आजाराचं मर्मही तिथेच आहे.

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, वजनाच्या मानाने प्रचंड ऑक्सिजन वापरतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यातल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात. वाहिन्या झिरपू लागतात, काही बंदच पडतात. रक्त न पोचलेला भाग गुदमरतो आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो: नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून धाडलेला तो निरोपच. असा काही पदार्थ असावा, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. नापोलिओने फेरारा यांच्या गटाने १९८९ मध्ये हे प्रथिन ओळखलं, आणि मधुमेहींच्या डोळ्यांतल्या द्रवात ते वाढलेलं असतं हे १९९४ मध्ये दिसलं.

वाहिन्या फुटतात खऱ्या, पण उपाशी भागात शिरण्याऐवजी पडद्याच्या पृष्ठभागावर आणि पुढच्या जेलीसारख्या काचद्रवात पसरतात. भिंती इतक्या कच्च्या की सहज रक्त सांडतं आणि नजरेसमोर काळी जाळी तरंगू लागते. पुढे त्यांच्याभोवतीचे तंतू आकसून पडदाच ओढून सुटा करतात. सगळ्यांत वाईट हे की तोवर ना दुखतं, ना चष्म्याचा नंबर काही सांगतो. म्हणून दिसतंय छान तेव्हाच, वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा.

लेझरने पडद्याच्या कडेला शेकडो बारीक डाग देतात. तिथल्या काही प्रकाशग्राही पेशी जातात. ऑक्सिजन सर्वांत जास्त त्याच वापरतात. त्यामुळे मागच्या थरातून येणारा ऑक्सिजन आता आतपर्यंत पोचतो, निरोप ओसरतो आणि नव्या वाहिन्या सुकतात. मधली नजर टिकते. त्या बदल्यात कडेचं आणि अंधारातलं दिसणं थोडं घटतं, आणि ही किंमत रुग्णाला आधीच सांगायला हवी.

आता व्हीईजीएफलाच अडवणारी इंजेक्शनं आहेत. दोन वर्षं दोन्ही उपचारांची तुलना केल्यावर ती लेझरइतकीच उपयोगी ठरल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्यांचा असर काही आठवड्यांचाच, आणि मध्येच येणं थांबलं तर वाहिन्या पुन्हा फोफावतात. दर महिन्याला गावाहून येणं ज्याला जमणार नाही, त्याच्यासाठी लेझर आजही जास्त भरवशाचा.