स्वपक्षीय नेत्याचा निषेध

राजकीय पक्षाच्या प्रमुख नेत्याचे वर्तन, वक्तव्य किंवा निर्णय आक्षेपार्ह ठरल्यावर त्याच पक्षाच्या सदस्यांनी त्याविरुद्ध उघडपणे किंवा ठरावाद्वारे भूमिका घेणे, याला स्वपक्षीय नेत्याचा निषेध म्हणतात. एखाद्या असंतुष्टाने दिलेला ‘घरचा आहेर’ आणि हा निषेध यांत फरक आहे. आहेर देणारा बहुधा एकटा असतो व स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. निषेधाचा प्रश्न मात्र संसदीय पक्ष, कार्यकारिणी किंवा महासमिती अशा एखाद्या अधिकृत मंडळापुढे येतो आणि तेथे प्रत्येक सदस्याला बाजू घ्यावी लागते. बैठकीला गैरहजर राहणे हीसुद्धा एक बाजूच मानली जाते. नेत्याचा दोष किती मोठा, यावर हा निर्णय ठरतो असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासातील उदाहरणे पाहता तो फारसा टिकत नाही. दोषाबद्दल खासगीत बहुतेकांचे एकमत बरेच आधी झालेले असते. घोडे अडते ते मत कोणत्या सभेत घ्यायचे, उघड घ्यायचे की गुप्त, आणि पहिल्यांदा तोंड कोणी उघडायचे, यावर.

ठरावाची भाषा

निषेधाला अनेक पायऱ्या आहेत. ‘ते त्यांचे वैयक्तिक मत आहे’ असा खुलासा करून पक्षाला वक्तव्यापासून दूर ठेवणे ही सर्वांत खालची पायरी होय. त्यापुढे खेद, नापसंती, निषेध, पद सोडण्याची मागणी, अविश्वास आणि शेवटी हकालपट्टी. व्यवहारात बहुतेक वाद या पायऱ्यांमधील अंतरावरच होतात, कारण वरची पायरी गाठण्याची तयारी नसलेल्या सदस्यांना खालच्या पायरीवर थांबून आपण काहीतरी केले असे दाखवता येते.

नेत्याचे नाव न घेता त्याला नाकारण्याची कला भारतीय राजकारणात चांगलीच रुजलेली आहे. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस पट्टाभी सीतारामय्या यांच्या १,३७७ मतांविरुद्ध १,५८० मते मिळवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यानंतर मार्चमध्ये त्रिपुरी अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांनी मांडलेल्या ठरावात अध्यक्षांवर अविश्वास असल्याचा शब्द नव्हता. ठरावाने जुन्या कार्यकारिणीवर विश्वास व्यक्त केला आणि नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे अध्यक्षांना सांगितले. निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती त्यानंतर काही उरले नाही आणि एप्रिलअखेर बोस यांनी राजीनामा दिला. जून २००५ मध्ये पक्षाध्यक्ष लालकृष्ण अडवाणी यांनी पाकिस्तान दौऱ्यात जिनांविषयी काढलेल्या गौरवोद्गारांवरून भारतीय जनता पक्षात वादळ उठले, तेव्हाही पक्षाने ठरावात जिनांबद्दलची आपली जुनी भूमिका पुन्हा मांडली. अडवाणींचा निषेध केला नाही आणि त्यांनी दिलेला राजीनामा मागे घेतला गेला. वक्तव्य नाकारायचे पण वक्त्याला राखायचे, अशी ही तडजोड होती. ती वर्षभरही टिकली नाही. डिसेंबरात अडवाणींनी अध्यक्षपद सोडले.

अमेरिकेत बोलणे एका पायरीवर आणि मतदान दुसऱ्या पायरीवर, अशी विभागणी दोन्ही प्रमुख पक्षांत दिसते. बिल क्लिंटन यांचे निकटवर्ती डेमोक्रॅटिक सिनेटर जो लीबरमन यांनी ३ सप्टेंबर १९९८ रोजी सभागृहात उभे राहून मोनिका लेविन्स्की प्रकरणातील अध्यक्षांचे वर्तन अनैतिक असल्याचे सांगितले, पण महाभियोगाच्या वेळी त्यांनी क्लिंटन यांना दोषी ठरवणारे मत दिले नाही. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी सिनेटमधील रिपब्लिकन गटनेते मिच मॅकॉनेल यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या निर्दोषत्वाच्या बाजूने मत दिले आणि नंतर लगेच केलेल्या भाषणात ६ जानेवारीच्या घटनांची (अमेरिकी संसद भवनावरील हल्ल्याची) व्यावहारिक व नैतिक जबाबदारी ट्रम्प यांच्यावर टाकली. पद सोडलेल्या अध्यक्षावर महाभियोग चालवण्याचा अधिकारच सिनेटला नाही, हे त्यांनी मतामागचे कारण दिले. अशा युक्तिवादात कायद्याचा मुद्दा खरा असू शकतो. मात्र तो मुद्दा सोयीचाही असतो आणि दोन्हींतले किती कशाचे, हे बाहेरून मोजता येत नाही.

निर्णय कोणाचा

एकाच पक्षात दोन-तीन मंडळे असतात आणि त्यांचे बहुमत वेगवेगळ्या बाजूंना असू शकते. त्यामुळे ज्याला सभा निवडता येते त्याने अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. जून १९५७ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्ष मंडळात (प्रेसिडियम) निकिता ख्रुश्चेव्ह यांच्याविरुद्ध बहुमत झाले होते. आपली निवड मध्यवर्ती समितीने केलेली असल्यामुळे आपल्याला काढण्याचा अधिकारही तिलाच आहे, असा आग्रह ख्रुश्चेव्ह यांनी धरला. संरक्षणमंत्री झुकोव्ह यांनी लष्करी विमाने पाठवून समितीच्या सदस्यांना मॉस्कोत आणवले आणि समितीत पारडे फिरले. मोलोटोव्ह, मालेन्कोव्ह व कागानोविच यांच्यावर ‘पक्षविरोधी गट’ असा शिक्का बसला. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना हटवणाऱ्यांनी हा धडा गिरवला होता: त्यांनी मध्यवर्ती समिती आधीच आपल्या बाजूला वळवून ठेवली होती.

काँग्रेसमध्ये १९६९ साली हाच पेच वेगळ्या रूपात आला. पक्षाने राष्ट्रपतिपदासाठी उभे केलेल्या नीलम संजीव रेड्डी यांच्याऐवजी व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले आणि त्यामागे पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे बळ होते. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांच्या बाजूच्या कार्यकारिणीने १२ नोव्हेंबर रोजी पक्षशिस्तीच्या कारणावरून इंदिराजींना पक्षातून काढले. परंतु संसदीय पक्षातील बहुसंख्य खासदार त्यांच्यासोबत राहिले, सरकारही टिकले आणि पक्षच दुभंगला.

ब्रिटनच्या मजूर पक्षात २८ जून २०१६ रोजी खासदारांनी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास व्यक्त केला. या मताला नियमांत बंधनकारक स्थान नव्हते. कॉर्बिन यांनी राजीनामा दिला नाही आणि सप्टेंबरमध्ये सर्वसाधारण सदस्य व समर्थकांच्या मतदानात ते ६१.८ टक्के मते घेऊन पुन्हा निवडून आले. नेत्याची निवड व्यापक सदस्यत्वाकडे सोपवली की त्याला हटवण्याची खासदारांची ताकद कमी होते. हा अंतर्गत लोकशाहीचा विजय मानायचा की जबाबदारीतील फट, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदीपुरते इतके नक्की की सभागृहात नेत्याशेजारी रोज बसणारे आणि त्याला दुरून पाहणारे सदस्य एकाच माणसाबद्दल अगदी वेगळा निर्णय देऊ शकतात.

गुप्त आणि उघड मतदान

दक्षिण आफ्रिकेतील जेकब झुमा यांचे प्रकरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. नकान्डला येथील त्यांच्या खासगी निवासस्थानावर झालेल्या सरकारी खर्चाच्या संदर्भात अध्यक्षांनी राज्यघटनेचे पालन केले नाही, असा निकाल घटनात्मक न्यायालयाने ३१ मार्च २०१६ रोजी दिला. दोष याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगू शकले नसते. तरीही पुढच्याच महिन्यात त्यांना पदच्युत करण्याचा प्रस्ताव आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या बहुमताने १४३ विरुद्ध २३३ मतांनी फेटाळला. जून २०१७ मध्ये याच न्यायालयाने अविश्वास ठरावावर गुप्त मतदान घेण्याचा अधिकार सभापतींना असल्याचे स्पष्ट केले. ८ ऑगस्टला मत गुप्त झाले: ठरावाच्या बाजूने १७७, विरोधात १९८ आणि ९ तटस्थ. विरोधी पक्षांच्या जागा एकूण १५१ होत्या. म्हणजे सत्तारूढ पक्षाच्या किमान २६ सदस्यांनी आपल्याच अध्यक्षाविरुद्ध मत दिले होते. ठराव पडला, पण पक्षात काय शिजते आहे ते आकड्यांत दिसले. डिसेंबरमध्ये पक्षाध्यक्षपद सिरिल रामाफोसा यांच्याकडे गेले, फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय कार्यकारिणीने झुमा यांना ‘परत बोलावण्याचा’ निर्णय घेतला आणि १४ फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला. २००८ साली थाबो म्बेकी यांनाही पक्षाने याच रीतीने पायउतार केले होते.

ब्रिटिश काँझर्व्हेटिव्ह पक्षाने गुप्ततेला नियमाचेच रूप दिले होते. २०२२ च्या नियमांनुसार १५ टक्के खासदारांची पत्रे ‘१९२२ समिती’च्या (पक्षाच्या मंत्री नसलेल्या खासदारांच्या समितीच्या) अध्यक्षांकडे पोहोचली की विश्वासमत घ्यावे लागे; किती पत्रे आली हे फक्त त्या अध्यक्षांना ठाऊक असे. बोरिस जॉन्सन यांनी ६ जून २०२२ रोजी हे मत २११ विरुद्ध १४८ असे जिंकले. मत जिंकलेल्या नेत्याला पुढचे वर्षभर पुन्हा आव्हान देता येत नसे, त्यामुळे कागदोपत्री ते सुरक्षित होते. पण १४८ हा आकडा सर्वांना कळला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऋषी सुनक व साजिद जाविद यांनी राजीनामे दिले, त्यापाठोपाठ पन्नासहून अधिक मंत्री व पदाधिकारी बाहेर पडले आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

पहिला आवाज

उघड मतदानात मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न सुटावा लागतो. तो बहुधा अशा सदस्याकडून सुटतो, ज्याच्या निष्ठेबद्दल शंका घेता येत नाही. सततच्या टीकाकाराने केलेला निषेध पक्षात कोणी मनावर घेत नाही. मे १९४० मध्ये नॉर्वेतील पराभवावर ब्रिटिश संसदेत चर्चा झाली, तेव्हा ॲडमिरल ऑफ द फ्लीट सर रॉजर कीज नौदलाच्या पूर्ण गणवेशात, पदके लावून सभागृहात आले आणि स्वतःच्याच सरकारविरुद्ध बोलले. त्यानंतर पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांचे जुने सहकारी लिओ अ‍ॅमरी यांनी क्रॉमवेलचे शब्द वापरून त्यांना निघून जाण्यास सांगितले. ८ मे रोजी सरकारने मतदान २८१ विरुद्ध २०० असे जिंकले, परंतु सुमारे ४० समर्थकांनी विरोधात मत दिले होते आणि आणखी कित्येक तटस्थ राहिले होते. मतदान जिंकूनही चेंबरलेन यांना १० मे रोजी पद सोडावे लागले.

वॉटरगेट प्रकरणात अडकलेले अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या बाबतीत तर सभागृहात मतदानाची वेळच आली नाही. जुलै १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीतील १७ रिपब्लिकनांपैकी सहा जणांनी महाभियोगाच्या पहिल्या कलमाला पाठिंबा दिला होता. ५ ऑगस्टला प्रकरणाचा तपास रोखण्याविषयीच्या २३ जून १९७२ च्या संभाषणाची ध्वनिफीत उघड झाली आणि समितीत विरोधात राहिलेल्या रिपब्लिकनांनीही भूमिका बदलली. ७ ऑगस्टला सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, सिनेटमधील गटनेते ह्यू स्कॉट आणि प्रतिनिधिगृहातील गटनेते जॉन ऱ्होड्स निक्सन यांना भेटले. त्यांनी राजीनामा मागितला नाही. बचावासाठी लागणाऱ्या ३४ मतांच्या जवळपासही आपण नाही, एवढीच मोजदाद त्यांनी पुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी रात्री निक्सन यांनी राजीनाम्याची घोषणा केली. येथे निषेधाचा शब्द कोणीच उच्चारला नाही, तरी त्याचा परिणाम कुठल्याही ठरावाहून अधिक झाला.

कायद्याची चौकट

सदस्याला पक्षादेशाविरुद्ध जाण्याची मुभा देशागणिक बदलते. जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या कलम ३८ नुसार खासदार कोणाच्याही आदेशाला बांधील नसून केवळ स्वतःच्या सद्सद्विवेकाला उत्तरदायी असतो. भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार व्हिप मोडून मत देणारा किंवा तटस्थ राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पक्षाने १५ दिवसांत माफ केले तरच तो वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात ही अनुसूची वैध ठरवताना व्हिपचा असा बंधनकारक परिणाम विश्वासमत आणि प्रमुख धोरणे यांपुरता मर्यादित असावा, असे मत नोंदवले. सभागृहात हात बांधलेले असल्यामुळे भारतातील नाराजी बहुधा पक्षबैठकीत, पत्रांतून किंवा थेट फुटीतून व्यक्त होते.

निषेध करणाऱ्यांचे पुढे काय होते

किंमत कशी चुकवावी लागेल हे नेता सत्तेवरून गेला की राहिला, यावर अवलंबून असते. २५ जुलै १९४३ च्या पहाटे इटलीच्या फॅसिस्ट महापरिषदेत दिनो ग्रांदी यांच्या मुसोलिनीविरोधी ठरावाला १९ जणांनी उघड मत दिले. मुसोलिनीला त्याच दिवशी अटक झाली. पण जर्मनांनी त्याला सोडवून उत्तर इटलीत पुन्हा बसवले आणि त्या १९ जणांपैकी जे हाती लागले त्यांच्यावर व्हेरोना येथे खटला चालला. जानेवारी १९४४ मध्ये गोळ्या घातल्या गेलेल्या पाच जणांत मुसोलिनीचा जावई गालेआत्सो चानोही होता. याउलट चेंबरलेन यांच्यावर तुटून पडलेले अ‍ॅमरी चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात भारतमंत्री झाले.

लोकशाहीत शिक्षा मतपेटीतून किंवा उमेदवारीतून होते. १३ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी चौघांनी पुढची निवडणूकच लढवली नाही, चौघे पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत हरले आणि दोघेच पुन्हा निवडून आले. लिझ चेनी यांचे पक्षगटातील पद मे २०२१ मध्ये आवाजी मतदानाने काढून घेण्यात आले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने चेनी व अ‍ॅडम किन्झिंगर यांचाच निषेध करणारा ठराव केला.

नेता गेला तरी बंडखोराला गादी मिळतेच असे नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये जेफ्री हाऊ यांच्या राजीनाम्याच्या भाषणानंतर मायकेल हेसेल्टाइन यांनी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना पक्षनेतेपदासाठी आव्हान दिले. पहिल्या फेरीत थॅचर २०४ विरुद्ध १५२ अशा पुढे होत्या. नियमाप्रमाणे ५६ मतांची आघाडी हवी होती आणि त्यांना चार मते कमी पडली. सहकारी मंत्र्यांनी एकेकट्याने भेटून दिलेला सल्ला ऐकून त्यांनी माघार घेतली. दुसऱ्या फेरीत जॉन मेजर यांना १८५, तर हेसेल्टाइन यांना १३१ मते पडली आणि पंतप्रधानपद मेजर यांच्याकडे गेले.