एकतीस रव्यांची रांग

कोल्हापूरच्या गूळ बाजारात ३० रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उतरले तर ते पाच-पाचच्या सहा रांगांत लावता येतात, नाहीतर दहा-दहाच्या तीन. आता ३१ रवे लावून बघा. दोनाची रांग करा, चाराची करा, काहीतरी उरतंच. शेवटी एकच लांबलचक रांग लावावी लागते. ३१ ही मूळ संख्या आहे म्हणजे एवढंच.

पण समोर ३९ अंकी संख्या आली तर? एकेका संख्येनं भागत बसलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. तरीही १८७६ साली एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे हे दाखवलं, तेही संगणकाशिवाय. पुढं डेरिक लेमर यांनी त्याची रीत आणखी सुटसुटीत केली. ती सातवीतल्या पोरालाही जमेल.

४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागा आणि बाकी तेवढी ठेवा. मग त्या बाकीवर पुन्हा तेच. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. पाचातून दोन गेले, म्हणून तीन फेऱ्या. ४ चे झाले १४. १४ चे १९४, ३१ नं भागून बाकी ८. ८ चे ६२, बाकी शून्य. शून्य आलं, संख्या मूळ! (ही रीत फक्त २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्यांना लागू, आणि तो घातांकही विषम मूळ हवा.)

२०४७ घेतली, म्हणजे घातांक ११, तर नऊ फेऱ्यांनंतर बाकी उरते १७३६. म्हणजे ही मूळ नाही. पण तिला २३ आणि ८९ नं भाग जातो, हे ही रीत सांगत नाही. कुस्ती निकाली झाली, डाव कुठला लागला ते विचारू नका! मला यातली हीच गोष्ट सगळ्यात अजब वाटते. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नसल्याचं ल्युकानं १८७६ मध्येच सांगितलं होतं. तिचे अवयव मात्र १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. त्या वेळी ते एक शब्दही बोलले नाहीत म्हणे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या याच जातकुळीतली: २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. दसऱ्याला दसरा चौकात उभं राहून सेकंदाला एक अंक या वेगानं, न थांबता, वाचायला लागलं तर पुढचा दसरा उलटून तीन-चार महिने झाले तरच वाचन संपेल.

शेवटचा अंक ऐकायला मात्र तेवढं थांबायला नको. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. १३६२७९८४१ ला ४ नं भागलं की बाकी १, म्हणजे घाताचा शेवट २ वर. त्यातून १ गेला, उरला १.