मॅकबेथच्या अधःपतनाला जबाबदार कोण?

शेक्सपिअरच्या नाटकातील सरदार मॅकबेथने राजा डंकनचा खून केला, याचा दोष कोणी ‘तू राजा होशील’ या चेटकिणींच्या भाकिताला देते, तर कोणी त्याची पत्नी लेडी मॅकबेथ हिच्या चिथावणीला. परिस्थिती माणसाकडून काय करवून घेते हे मानसशास्त्राने प्रयोगांतून तपासलेले असल्यामुळे या वादात त्याचेही म्हणणे ऐकायला हवे.

येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सुरू केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तीने, समोरच्याचे उत्तर चुकले की जवळच असलेल्या संशोधकाच्या आदेशानुसार त्याला विजेचा झटका द्यायचा होता. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते सांगितलेले नव्हते. यंत्रावर ३० बटणे होती आणि १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंतचा हा चढ दर बटणाला केवळ १५ व्होल्टचा होता. प्रथम प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. घाम फुटलेला, हात थरथरत असलेले, ओठ चावत असलेले, तरीही ते थांबले नाहीत. संशोधक खोलीतून निघून जाऊन दूरध्वनीवरून आदेश देऊ लागला, तेव्हा मात्र शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके उरले. काही सहभागींना बनावाचा संशय आला असावा, हा नंतरचा आक्षेप रास्त आहे. तरीही जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या दबावाचे बळ या फरकातून स्पष्ट दिसते.

हा खून करायचा नाही असे पत्नीला सांगून टाकलेला मॅकबेथ तिने पौरुषावर बोट ठेवताच बधतो, तेव्हा तोच दबाव काम करत असतो, आणि तेवढ्यापुरती लेडी मॅकबेथही दोषी आहे. पण त्या ४० जणांपैकी १४ जण मध्येच थांबले होते, हेही विसरता येत नाही. नाटकात त्यांच्या जागी मॅकबेथचा सहकारी सेनानी बँको आहे. चेटकिणींचे भाकीत त्यानेही ऐकले, राजांचा पूर्वज होण्याचे आमिष त्यालाही मिळाले, तरी त्याने शस्त्र उचलले नाही. शिवाय चेटकिणींनी मॅकबेथला राजपद सांगितले होते, खून करायला सांगितले नव्हते. खुनाचा विचार त्याच्या मनात पत्नीची भेट होण्यापूर्वीच आला होता.

माझ्या मते, डंकननंतर दोषाची वाटणी संपते. बँकोवर मारेकरी घालताना मॅकबेथ पत्नीला विश्वासातही घेत नाही. पुढे त्याचा विरोधक सरदार मॅकडफ इंग्लंडला निसटल्यावर तो त्याच्या बायकामुलांची कत्तल करवतो. ती कोणत्याही भाकितात नव्हती, आणि आता आदेश देणारा तो स्वतःच होता.