हेडफोनचे पॅड आणि ‘ओरिजिनल’ आवाज

बडोद्याच्या पावसाळ्यात हेडफोनचे पॅड, म्हणजे कानावर बसणाऱ्या गाद्या, फार टिकत नाहीत. दोन-तीन वर्षांत कानामागे, गालावर काळ्या खपल्या दिसायला लागतात. ज्याला आपण लेदर म्हणतो तो कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवेनं आणि घामानं तो सुटत जातो. मग दुसरे पॅड शोधणं आलं, आणि त्याबरोबर प्रश्नही: आवाज बदलेल का? बदलतो, यात आता शंका उरलेली नाही. भांडण आहे ते मूळ आवाज कशाला म्हणायचं यावर.

बिनतारी संदेशांच्या काळात कडक चकती थेट कानावर बसायची. शब्द कळले की काम झालं. 1958 मध्ये अमेरिकेत गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन विकायला आला आणि कान झाकणारी जाड गादी घरात शिरली. 1968 मध्ये जर्मनीत एचडी 414 हा हेडफोन निघाला. त्याचे कप, म्हणजे कानावरच्या वाट्या, मागून उघडे होते आणि कानावर स्पंजची चकती होती. गादीतून हवा किती जाऊ द्यायची, हा तेव्हापासून आवाजाच्या रचनेचाच भाग झाला. 1979 च्या वॉकमनबरोबर तसलाच पातळ स्पंज जगभर पोचला आणि आमच्या पिढीचे कान त्यावरच तयार झाले.

यामागचं कारण साधं आहे. 100 हर्ट्‌झच्या ध्वनीलहरीची लांबी सुमारे 3.4 मीटर, म्हणजे कपापेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे खालचे स्वर कानापर्यंत पोचतात ते बंद जागेतल्या हवेच्या दाबानं. पॅड आणि कातडी यांच्यात फट राहिली की दाब निसटतो आणि खर्ज पातळ होतो. 10,000 हर्ट्‌झला हीच लांबी 3.4 सेंटिमीटर असते. तिथे पॅड पाच मिलिमीटर दबला तरी कानाच्या पाळीवरून होणारे परावर्तन बदलतं, आणि झांजेची किंवा ‘स’काराची धार कमी-जास्त होते. बंद कपाचा हेडफोन घालून तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा आणि चष्म्याची दांडी पॅडखालून काढून पाहा. खर्जाची तार एकदम भरते. जवारीवर, म्हणजे तारांखालच्या घोडीवर, सुताचा दोरा सरकवून तानपुरा कसा उघडतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला एवढ्याशा गोष्टीनं एवढा फरक पडतो याचं आश्चर्य वाटत नाही. 1886 पासून गाण्याची शाळा असलेल्या या गावात तरी वाटू नये.

हौशी लोकांनी पॅड मुद्दाम बदलायला सुरुवात केली ती जपानी टी50आरपीसारख्या सपाट पडद्याच्या (पडदा म्हणजे हेडफोनमधला आवाज काढणारा थरथरता भाग) स्टुडिओ हेडफोनपासून. त्याचे मूळचे पॅड पातळ होते. लोकांनी कपात कापूस भरला, मातीचे गोळे थापले आणि वर दुसऱ्याच हेडफोनचे जाड पॅड चढवले. मग मखमली, सच्छिद्र, मागे जाड-पुढे पातळ असे तयार पॅड विकायला आले. 2020 मध्ये शिकवण्या घरून सुरू झाल्या, हेडफोन दिवसाचे सहा-सहा तास डोक्यावर राहू लागले आणि हौस नसलेल्यांनाही पॅड शोधावे लागले.

इथे ‘ओरिजिनल’ हा शब्द घोटाळा करतो. दुकानदार म्हणतो, ‘ओरिजिनल जेवुं ज छे’ (ओरिजिनलसारखंच आहे), म्हणजे मापाला बसतं. कंपनीच्या लेखी ओरिजिनल म्हणजे तिचाच सुटा भाग. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र असतो तो कालपर्यंत ऐकलेला आवाज, आणि तो तर दबलेल्या, तडकलेल्या पॅडचा असतो! कंपनीचाच नवा पॅड लावल्यावर ‘आवाज बिघडला’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे कान खोटं सांगत नव्हते. पडदा पुन्हा कानापासून दूर गेला होता. मग बदल नेमका कोणता धरायचा, नवा पॅड की चार वर्षांचं दबणं? माझ्या मते दुसऱ्याला बदल म्हणावं आणि पहिल्याला दुरुस्ती. ‘हेडफोन वापरून मोकळा झाला’ असं म्हणतात, त्यातही पडद्यापेक्षा पॅडचाच वाटा बऱ्याचदा मोठा असतो.

मी स्वतः एकदा दांडिया बाजारजवळ स्कूटरची सीट-कव्हरं शिवणाऱ्याकडून जुन्या पॅडवर रेक्झिन चढवून घेतलं. शिलाई सुरेख, माप अचूक. पण रेक्झिन ताठ होतं आणि जबड्याच्या कोपऱ्यात टेकत नव्हतं. तबला ऐकताना डग्ग्याची घुमक गेली, चाटीचा, म्हणजे तबल्याच्या काठाचा, टणत्कार तेवढा राहिला. आतला स्पंज तोच, कप तोच, पडदाही तोच होता.

आता फोनवर प्रत्येक मॉडेलसाठी इक्वलायझरची, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करण्याची, तयार सेटिंग्ज मिळतात. ती कृत्रिम कानावर घेतलेल्या मोजणीतून काढलेली असतात, आणि मोजणीवेळी जो पॅड होता त्यालाच लागू पडतात. नीट काम करणारे म्हणून पॅड नवा, वापरलेला की मखमली, याची नोंद करतात. आमच्याकडे नवा पॅड चढवताना त्याच्या आतल्या बाजूच्या कापडावर बॉलपेननं महिना आणि वर्ष लिहायची पद्धत आम्ही पाडली आहे.