जॉर्ज वेआ

वेआ, जॉर्ज : (१ ऑक्टोबर १९६६ – ). लायबेरियाचे फुटबॉलपटू आणि पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष. आफ्रिकी देशाच्या संघाकडून खेळून ‘बॅलन डी’ओर’ हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवणारे आजवरचे एकमेव खेळाडू.

जन्म राजधानी मन्रोव्हियातल्या क्लारा टाउन या झोपडपट्टीत, क्रू जमातीच्या कुटुंबात. आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, त्यांना वाढवले. मायटी बॅरोल आणि इन्व्हिन्सिबल इलेव्हन या मन्रोव्हियातल्या क्लबांकडून ते खेळले. पण फुटबॉलवर घर चालत नसल्याने सरकारी दूरध्वनी कंपनीत तंत्रज्ञ म्हणून नोकरीही केली.

त्यांचा परदेशप्रवास युरोपात सुरू झाला असे सहसा सांगितले जाते. ते बरोबर नाही. आधी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानचा आफ्रिका स्पोर्ट्स आणि मग कॅमेरूनमधल्या याऊंदेचा तोनेर, असे दोन परके मुलूख त्यांनी आफ्रिकेतच पाहिले. हे टप्पे वगळले तर पुढचे काही नीट समजत नाही, कारण त्यांचा खेळ नजरेत भरला तो याऊंदेत. कॅमेरूनच्या राष्ट्रीय संघाचे फ्रेंच प्रशिक्षक क्लोद ल रॉय यांनी मोनाकोचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांना त्यांच्याविषयी सांगितले आणि १९८८ मध्ये वेआ मोनाकोत दाखल झाले.

अनोळखी भाषा, थंडी आणि कितीतरी कडक शिस्तीचा सराव अशा त्या दिवसांत वेंगर यांनी त्यांना मुलासारखे सांभाळले. वेआ यांनी ही कृतज्ञता पुढे जाहीरपणे अनेकदा बोलून दाखवली आहे. १९९१ मध्ये मोनाकोने फ्रेंच चषक जिंकला. १९९२ मध्ये ते पॅरिस सां-जर्मां क्लबात गेले आणि १९९४ चे फ्रेंच लीग विजेतेपद त्यांच्या वाट्याला आले. १९९४-९५ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत ७ गोल करून ते स्पर्धेत अव्वल ठरले. त्यातला म्युनिकमध्ये बायर्नविरुद्धचा गोल, बचावपटूंच्या गर्दीतून वाट काढत मारलेला, फ्रान्समध्ये अजून आठवला जातो. त्याच स्पर्धेत पॅरिसला उपांत्य फेरीत हरवणाऱ्या एसी मिलानने हंगाम संपताच त्यांना आपल्याकडे घेतले.

१९९५ पर्यंत ‘बॅलन डी’ओर’ फक्त युरोपीय देशांच्या नागरिकांना दिला जाई. मोझांबिकमध्ये जन्मलेल्या युसेबियो यांना तो १९६५ मध्ये मिळाला होता, पण पोर्तुगालचे खेळाडू म्हणून. १९९५ मध्ये नियम बदलून युरोपीय क्लबांतल्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला दार उघडले आणि त्या पहिल्याच वर्षी वेआ त्यातून आत गेले. फिफाचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यांनाच मिळाला.

मिलानकडून त्यांनी १९९६ आणि १९९९ अशी दोनदा इटालियन लीग जिंकली. पण मिलानचे वेआ समजून घ्यायचे तर ८ सप्टेंबर १९९६ चा व्हेरोनाविरुद्धचा गोल पाहावा. व्हेरोनाच्या कॉर्नरवर चेंडू त्यांच्याकडे आला तेव्हा ते स्वतःच्या गोलपाशी होते. तिथून ते धावत सुटले. मैदानाच्या मध्यावर दोघांनी घेरले तेव्हा त्यांनी गिरकी घेऊन सुटका करून घेतली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन गोल केला. ताकद, वेग आणि पायातले कसब एकाच खेळाडूत इतके क्वचितच एकवटते.

त्याच वर्षी पोर्तोच्या एका बचावपटूला सामन्यानंतर डोक्याने धडक दिल्याबद्दल त्यांच्यावर ६ सामन्यांची बंदी आली. आपल्याला वर्णद्वेषी शिव्या दिल्या गेल्या, असे वेआ यांचे म्हणणे होते. त्या खेळाडूने ते नाकारले. २००० मध्ये मिलानकडून उसनवारीवर, म्हणजे तात्पुरते, इंग्लंडमधल्या चेल्सी क्लबात येऊन त्यांनी तिथला एफए कप जिंकला. मँचेस्टर सिटी, मार्सेय आणि शेवटी अमिरातीतला अल जझीरा असे मुक्काम करत २००३ मध्ये त्यांनी खेळ थांबवला.

या सगळ्या काळात मागे देश जळत होता. लायबेरियात १९८९ च्या अखेरीस यादवी पेटली होती. संयुक्त राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करावा असे वेआ बोलले, त्यानंतर १९९६ मध्ये त्यांचे मन्रोव्हियातले घर जाळण्यात आले आणि नातेवाईकांवर अत्याचार झाले. तरीही ‘लोन स्टार’ हा राष्ट्रीय संघ त्यांनी सोडला नाही. विमानाची तिकिटे, गणवेश, सहकाऱ्यांचे मानधन असा खर्च ते खिशातून करत. शेवटी शेवटी प्रशिक्षणाचीही जबाबदारी घेतली. १९९६ आणि २००२ मध्ये संघ आफ्रिका चषकाला पोहोचला. २००२ च्या विश्वचषकाची पात्रता मात्र नायजेरियापुढे एका गुणाने हुकली. जगातला सर्वोत्तम ठरलेला हा खेळाडू विश्वचषकात एकही सामना खेळला नाही. त्यांचा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा टिमथी याने २०२२ मध्ये कतारला वेल्सविरुद्ध गोल केला तो अमेरिकेकडून.

राजकारणात २००५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ यांनी त्यांचा पराभव केला. २०१४ मध्ये ते सिनेटर झाले आणि २०१७ च्या निवडणुकीत जोसेफ बोआकाई यांना हरवून राष्ट्राध्यक्ष. सप्टेंबर २०१८ मध्ये, ५१ व्या वर्षी, पदावर असतानाच ते नायजेरियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात उतरले. १४ क्रमांकाचा त्यांचा सदरा निवृत्त करण्यासाठी, म्हणजे तो पुढे कुणाला न देण्यासाठी, तो सामना ठेवला होता. २०२३ मध्ये त्याच बोआकाई यांच्याकडून ते थोडक्या मतांनी हरले. अंतिम निकालाची वाट न पाहता त्यांनी पराभव मान्य केला आणि जानेवारी २०२४ मध्ये पद सोडले.